गाडीतलं टेबल

गाडीत बसवायचं टेबल उघडं असताना नीट दिसणं ही फार मोठी गोष्ट नाही. तेवढं कुठलाही बरा सुतार करून देईल. खरी परीक्षा असते ती टेबल मिटलेलं असताना आणि गाडी धावत असताना. फिरत्या दवाखान्याची गाडी सकाळी निघते, घाट चढते, एखाद्या वाडीवर चार-पाच तास उभी राहते आणि त्याच रस्त्यानं परत येते. टेबल कामाला येतं ते उभ्या गाडीत. बाकीचा सगळा वेळ ते भिंतीला चिकटून हादरे खात असतं. घरातल्या फर्निचरच्या नशिबी हे नसतं. म्हणूनच घरात वीस-पंचवीस वर्षं निवांत राहणारा जोड गाडीत एका पावसाळ्यात सैल पडतो.

कोल्हापुरात माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, दुकानांचे काउंटर हा रोजचा धंदा. डोळे तपासणीची गाडी चालवणाऱ्या एका संस्थेनं बोलावलं. ट्रॅव्हलरच्या आतल्या भिंतीवरचं मिटणारं टेबल निघून आलंय, तेवढं परत बसवून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गाडी गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या बाजूला फिरते. पश्चिमेचा पाऊस आणि तिकडचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना त्या गाडीच्या हाडांची अवस्था वेगळी सांगायला नको. गाडीचे ड्रायव्हर, सगळे त्यांना मामाच म्हणतात, पहिल्याच दिवशी म्हणाले, “मिस्त्री, पडलं त्ये बरं झालं. सहा महिनं ह्ये टेबल माझ्या डोक्यात वाजत हुतं.”

निघालेलं टेबल परत लावण्याआधी ते का निघालं हे पाहणं भाग होतं. भिंतीवर पत्र्याचं अस्तर होतं, जेमतेम १ मिलिमीटर जाडीचं, आणि टेबलाच्या बिजागऱ्या थेट त्या पत्र्यात स्क्रूनं आवळल्या होत्या. बॅटरी लावून जवळून पाहिलं. भोकं गोल राहिली नव्हती, उभी लांबट झाली होती. कडेला काळपट राखाडी पूड साचलेली. बोट फिरवलं की बोटाला लागायची. ती पूड म्हणजे स्क्रूनं घासून काढलेला पत्रा. पत्र्यात घुसणाऱ्या स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतरच दीड मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे १ मिलिमीटरच्या पत्र्याला एकही आटा धड पुरा धरता येत नाही. पहिल्या दिवशी हाताला ते घट्ट लागतं. मग प्रत्येक खड्ड्याला स्क्रू केसभर हलतो, भोक केसभर वाढतं, वाढलेल्या भोकात तो आणखी हलतो. मामांच्या डोक्यात वाजत होतं ते हे. गाडीतला खडखडाट म्हणजे कुठंतरी काहीतरी झिजत असल्याची बातमी असते, आणि ती ड्रायव्हरला सगळ्यात आधी कळते. त्यामुळे गाडीचं काम घेताना मालकाआधी ड्रायव्हरशी बोलावं, असं माझं आता पक्कं मत आहे.

तेच टेबल मोठ्या स्क्रूनं आवळून दिलं असतं तर बिल त्याच दिवशी निघालं असतं. मी संस्थेला सांगितलं की टेबल नव्यानं करू, पण त्याआधी मला एकदा शिबिराला येऊ द्या. त्यांना थोडं नवल वाटलं, पण घेऊन गेले.

आत काय चालतं हे पाहिल्याशिवाय टेबलाची जागा ठरवता येत नाही, हे तिथं समजलं. नजर तपासायचा तक्ता आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या हर्मन स्नेलन या नेत्रतज्ज्ञानं तो १८६२ साली बसवला. तक्ता ६ मीटरवरून वाचायचा असतो. आता ट्रॅव्हलरच्या पोटात ६ मीटर कुठून आणायचे? त्यावर जुना उपाय आहे तो आरशाचा. पेशंटच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांचा तक्ता, समोर ३ मीटरवर आरसा. नजर आरशापर्यंत जाते आणि परत तक्त्यापर्यंत येते, झाले ६ मीटर. म्हणजे त्या गाडीच्या मधोमध, लांबीच्या दिशेनं, ३ मीटरची एक वाट सतत मोकळी हवी. नजरेची वाट आणि माणसांची ये-जा करायची वाटही तीच, कारण आतली रुंदी सहा फुटांच्या आत.

तपासणाऱ्या मॅडमनी मला त्यांची गरज नेमकी सांगितली. “दादा, मोठं टेबल नकोय मला. भिंगांची पेटी, रजिस्टर आणि कोपर टेकायला जागा, बस्स. पण आजी आत येताना ते नसल्यासारखं व्हायला पाहिजे, आणि आजी बसल्या की माझ्या हाताशी आलं पाहिजे.” भिंगांची पेटी म्हणजे ट्रायल सेट, लाकडी किंवा फायबरची खोकी, आत ओळीनं शेकडो भिंगं खाचांत उभी. ती पडली तर दिवसाचं काम थांबतं. मोजून पाहिलं तर तीन फूट बाय दीड फूट पुरे होतं.

आणि त्याच दिवशी मी त्या गाडीतलं खरं वजन पाहिलं. आलेल्यांत म्हातारी माणसं जास्त, आणि त्यांतही मोतीबिंदूवाले. आपल्या देशात अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण आजही मोतीबिंदूच आहे. एक आजी तपासून झाल्यावर उठल्या. गुडघे कुरकुरणारे, नजर धूसर, गाडीची जमीन पायाखाली किंचित डुलणारी, कारण गाडी उभी असली तरी ती स्प्रिंगांवरच असते आणि कुणी चढलं-उतरलं की हलते. आजींनी हात चाचपडत पुढं केला आणि जे हाताला लागलं त्यावर सगळा भार टाकला. त्या दिवशी टेबल नव्हतं म्हणून हाताला खुर्चीची पाठ लागली. टेबल असतं तर टेबलाची कड लागली असती, आणि तीसुद्धा भिंतीपासून सगळ्यात लांबची बाहेरची कड.

तिथंच टेबलाचा हिशेब बदलला. रजिस्टर आणि पेटी मिळून पाच-सहा किलो. त्यासाठी काहीही चालतं. पण ८० किलोच्या माणसानं भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवरच्या कडेवर भार टाकला, आणि खालचा आधार ३० सेंटिमीटर उंचीचा असला, तर वरच्या बोल्टांवर १२० किलोची ओढ येते. तरफेचा साधा नियम. ४५ ला ३० नं भागा आणि वजनानं गुणा. म्हणजे तोल जाणाऱ्या माणसाला टेबल धरून ठेवणार की नाही, ते फळीच्या जाडीवर ठरत नाही. आधार भिंतीवर किती खाली जाऊन टेकतो त्यावर ठरतं. बाजारात मिळणारे मिटणारे कंस आखूड असतात. त्यांच्या पाकिटावर किलोचा आकडा छापलेला असतो, पण तो सगळ्या फळीवर सारखं पसरलेलं वजन धरून. कडेवर रेललेला माणूस त्यात धरलेला नसतो.

मग प्रश्न आला तो टेबल वर मिटवायचं की खाली. वर मिटवलं तर ते भिंतीवर उभं राहतं, वापरताना खाली पाडायचं. दिसायला छान, खालची जागा कायम मोकळी, आणि मॅडमना वाकावं लागत नाही. संस्थेच्या लोकांना तेच आवडलं होतं. मी नको म्हटलं, आणि त्या मुद्द्यावर मागं हटलो नाही. वर मिटणाऱ्या टेबलाला फक्त कडी धरून ठेवते. घाटात कडी सुटली तर चार-पाच किलोची फळी बिजागरीवर फिरून शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर किंवा डोक्यावर येते. खाली मिटणारं टेबल लोंबतं. त्याची कडी सुटली तर ते आपटेल, वाजेल, पण पडणार नाही, कारण ते आधीच पडलेल्या जागी आहे. वाहनात कुठलाही भाग बसवताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की याची कडी तुटली तर हे कुठं जाईल? उत्तरात माणूस येत असेल तर आराखडा बदलायचा. मॅडमना हे समजावलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “मग वाकते मी, काही बिघडत नाही.”

खाली मिटणाऱ्या टेबलाला आधार कसा द्यायचा? जमिनीवर पाय टेकवणं सगळ्यात सोपं आणि भक्कमही. पण अरुंद वाटेत जमिनीवर टेकलेला पाय म्हणजे धूसर नजरेच्या माणसाला अडखळायची हमखास जागा. तो बाद. शेवटी जुन्या घडीच्या टेबलांची रीत घेतली. टेबलाखाली भिंतीवर दोन त्रिकोण, दारासारखे बिजागरीवर उघडणारे. त्रिकोणाची उभी बाजू भिंतीलगत ६५ सेंटिमीटर, वरची आडवी ४० सेंटिमीटर आणि दोन्हींना जोडणारा तिरका टेकू. वापरताना दोन्ही बाहेर फिरवायचे आणि फळी त्यांच्यावर टेकवायची. मिटवताना दोन्ही आतल्या बाजूला एकमेकांकडे वळतात. चाळीस आणि चाळीस ऐंशी, फळी नव्वदची, म्हणजे मध्ये वीतभरसुद्धा नाही पण बसतात. उभी बाजू ३० ची ६५ केल्यावर तीच १२० किलोची ओढ ५५ वर आली, आणि तीही दोन त्रिकोणांत वाटली गेली. लोखंड जाड न करता, फक्त आधार खाली नेऊन एवढा फरक पडला. हे गणित मांडल्यावर मला जो आनंद झाला तो मोठमोठ्या वॉर्डरोबच्या कामांत झालेला नाही.

त्रिकोण उद्यमनगरातल्या एका जुन्या वेल्डर चाचांकडून करून घेतले. २० मिलिमीटरचा चौकोनी पाइप. चाचांनी आधी तिन्ही जोड नुसते टाके देऊन पकडले, कर्ण मोजले आणि मग आलटून-पालटून वेल्डिंग भरलं. एकाच कोपऱ्यात सलग भरलं तर तापून चौकट त्या बाजूला खेचली जाते. दारासारखा फिरणारा त्रिकोण तीन मिलिमीटरनं जरी ओढला गेला तरी टेबलाची कड डोळ्यांना दिसेल एवढी वाकडी बसते. पाइपांची उघडी टोकं त्यांनी चकत्या लावून बंद केली. “पाणी आतून खातंय बघा, भाईर कितीबी रंग लावा,” हे त्यांचं वाक्य मी नंतर बऱ्याच गिऱ्हाइकांना ऐकवलंय.

फळीबद्दल. आपल्याकडे फर्निचर म्हटलं की १८ मिलिमीटरचा प्लायवूड, हे हाताला बसलेलं असतं. आठ बाय चारची १८ ची शीट साधारण ३५ किलो भरते, १२ ची २३-२४. आधाराची चौकट चांगली असेल तर दीड फूट रुंदीला १२ मिलिमीटर पुरतो. गाडीत वजन वाचवायचं ते डिझेलसाठी नव्हे. एवढ्याशा टेबलानं डिझेलमध्ये काय फरक पडणार? वाचवायचं ते हादऱ्यासाठी. खड्ड्यात जे वर-खाली होतं त्याचं वजन जितकं जास्त तितके बिजागरीला बसणारे धक्के मोठे. टक्कर झाली तर हीच गोष्ट भयानक होते. अपघाताच्या झटक्यात वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट जोर येऊ शकतो, म्हणजे ५ किलोची फळी क्षणभर १०० किलोनं ओढ घेते. प्लायवूड मात्र आयएस ७१० चा, ज्याला बाजारात मरीन म्हणतात, तोच घेतला. गगनबावड्याच्या पावसात दारं उघडी ठेवून दिवसभर काम चालतं. आत ओलावा राहणारच. साध्या प्लायवूडचे पदर तिथं सुटायला वेळ लागत नाही. सनमायका दोन्ही बाजूंना लावला. खालची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून ती कोरी सोडायची सवय आहे बऱ्याच कारागिरांना. पण एकाच बाजूला लावला की कोरी बाजू ओल ओढते आणि पातळ फळी पत्रावळीसारखी वळते.

वरचा सनमायका फिका आणि मॅट घेतला, चकचकीत नको म्हणून. मोतीबिंदूच्या माणसाला चकाकीचा त्रास होतो, समोर उजेड परावर्तित झाला की त्याला दिसतं तेवढंही दिसेनासं होतं. आणि कड गडद ठेवली. चारही बाजूंनी सागवानाची पट्टी, गोल घासलेली, तिला गडद पॉलिश. फिक्या फळीला गडद किनार असली की नजर अधू असलेल्या माणसालाही टेबल कुठं संपतं ते कळतं. मॅडमनीच ही सूचना केली होती. कोपरे चांगले मोठ्या गोलाईनं कापले. हाताला लाकूड धरवतं, पीव्हीसीची पट्टी धरवत नाही, विशेषतः ओल्या हाताला. पुढची बाजू सोडून बाकी तीन बाजूंना सागवान फळीपेक्षा १० मिलिमीटर वर ठेवलं, म्हणजे गाडी उतारावर उभी असली तरी पेन आणि भिंगं घरंगळून खाली जात नाहीत. पुढच्या बाजूला मनगट टेकायचं असतं, तिथं काठ टोचला असता.

बसवायच्या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला तो भिंत समजून घेण्यात. घरात आमचा देव म्हणजे ओळंबा आणि लेव्हल. गाडीत दोन्ही निरुपयोगी, कारण गाडी स्वतःच कधी सपाट उभी नसते. एका चाकात हवा कमी असली तरी लेव्हलचा बुडबुडा सरकतो. तिथं खरी मानायची ती गाडीची जमीन. सारख्या उंचीचे दोन ठोकळे जमिनीवर ठेवून त्यांच्यावरून भिंतीवर रेघ मारायची, आणि डोळ्यांना ती तिरपी वाटली तरी तिच्यावर विश्वास ठेवायचा. भिंतही सरळ नसते, वर जाताना आत झुकते आणि लांबीतही किंचित फुगलेली असते. जाड पुठ्ठ्याचा फर्मा भिंतीला लावून कंपासनं भिंतीची रेघ त्यावर उतरवली, कापली, पुन्हा लावली, जिथं उजेड दिसला तिथं पुन्हा घासली. मग तो फर्मा मागच्या आडव्या पट्टीवर उतरवला. हे काम हळू होतं आणि त्यात मन लागतं. रंधा आणि कानस यांच्यापुढं तिथं कुठलीही मशीन उपयोगी पडत नाही.

पत्र्यामागे गाडीचा लोखंडी सांगाडा असतो, त्याचे उभे खांब हेच काय ते भक्कम. बाकी सगळं अस्तर. खांब कुठं आहेत हे बाहेरून कळत नाही. अस्तर पत्र्याचंच असल्यानं लोहचुंबकाचाही उपयोग नाही, तो सगळीकडेच चिकटतो. शेवटी जुन्या टेबलाच्या फाटलेल्या भोकांमधून वाकडी तार आत सरकवत खांब चाचपले, दिव्याचं एक पॅनल काढून आत डोकावलं, वायरी कुठून जातात ते पाहिलं. मामा शेजारी उभे राहून वायरींची माहिती देत होते. त्यांना त्या गाडीचा धागा न् धागा माहीत. खांब टेबलाच्या मापात नव्हते, ते असणारही नव्हते. म्हणून आधी तीन खांबांना धरून दोन आडव्या पट्ट्या बसवल्या, एक वर, एक खाली, आणि टेबल व त्रिकोण त्या पट्ट्यांवर. खांबात रिव्हनट बसवले, म्हणजे पोकळ पाइपात आतून फुगून बसणारं आट्यांचं नट, आणि त्यात ६ मिलिमीटरचे बोल्ट. ड्रिलच्या पात्याला मापाची नळी चढवली होती, म्हणजे पातं ठरल्यापेक्षा आत जाऊन वायरीत घुसणार नाही. भोक पाडलं की लगेच चुरा झाडून, कडेला प्रायमर लावूनच पुढं जायचं. उघडं पडलेलं लोखंड त्या हवेत आठवड्यात तांबूस होतं.

खडखडाटाचा बंदोबस्त हा वेगळा विषय. लोक रबराच्या बटणाच्या आकाराच्या टिकल्या चिकटवतात आणि संपलं म्हणतात. नुसता रबर लावून भागत नाही, तो दाबलेला राहिला पाहिजे. मिटलेल्या फळीमागे जाड रबराचे ठोकळे बसवले, आणि दोन्ही बाजूंना ट्रंकेला असते तशी ओढून लावायची कडी. कडी लावताना हाताला जोर जाणवला पाहिजे. तो जोर रबरात साठून राहतो आणि फळीला हलायला जागाच देत नाही. त्रिकोणांच्या बिजागऱ्यांत पातळ नायलॉनच्या चकत्या घातल्या. सगळे नट नायलॉनच्या कड्याचे, आणि आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता, नुसत्या नजरेनं तपासता येतं. मामा आता सकाळी टायर पाहतात तसं एकदा त्या रेघांकडेही पाहतात.

एका कडीखाली साधा स्विच बसवला, गाडीच्या दाराला दिवा लावणारा जो असतो तोच, आणि त्याची वायर डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याला. टेबल नीट मिटून कडी लागली नसेल तर मामांच्या समोर दिवा राहतो. खर्च अगदी किरकोळ. पण शिबिर संपताना घाई असते, अंधार पडायच्या आत घाट उतरायचा असतो, आणि अशा वेळी माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहू नये. आणि टेबलाशेजारी, उठताना उजव्या हाताला येईल अशा उंचीवर, एक स्वतंत्र उभा दांडा लावला, गाडीच्या खांबालाच आवळलेला. टेबल कितीही भक्कम असलं तरी त्यानं दांड्याचं काम करू नये. आजींच्या हाताला आधी दांडा लागावा, आणि तो चुकलाच तर टेबलाची कड त्यांना सांभाळेल, असा तो दुहेरी विचार.

गाडी द्यायच्या आधी टेबलाच्या बाहेरच्या कडेवर वाळूची दोन पोती रात्रभर ठेवली, मिळून १०० किलो. कड ३ मिलिमीटर खाली आली आणि पोती उतरवल्यावर पुन्हा मूळ जागी गेली. मग संस्थेला एक गोष्ट लेखी दिली, की टेबल उघडं ठेवून गाडी चालवायची नाही आणि मागच्या दाराकडं जाणारी वाट अडेल असं काही त्यावर ठेवायचं नाही. नोंदणीच्या वेळी जे तपशील दिलेले असतात त्यांच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. ही गाडी मुळात फिरता दवाखाना म्हणूनच नोंदलेली, टेबल आधीपासून त्याच जागी, आसनं आणि दारांना हात लावलेला नाही, म्हणून इथं अडचण नव्हती. पण साध्या प्रवासी गाडीत कुणी हौसेनं असं काही करायला निघालं तर त्यानं आधी आरटीओत विचारावं, मग सुताराकडं यावं.

त्यानंतर त्या भागातला पावसाळा टेबलानं काढला. सर्व्हिसिंगला गाडी कोल्हापुरात येते तेव्हा मी वाट वाकडी करून ती बघून येतो. लाल रेघा जागच्या जागी आहेत. पुढच्या कडेचं गडद पॉलिश एका ठिकाणी उतरून सागवान उघडं पडलंय, नेमकं तिथं जिथं उठताना माणसं हात टेकवतात. दांडा आहे तरी बरेच जण टेबलच धरतात. मॅडम म्हणाल्या, “दादा, सांगून बघितलं सगळ्यांना. पण समोर दिसतं ते धरतात.” मला त्यात वाईट वाटलं नाही. ते वजन धरूनच टेबल केलं होतं. तेवढी कड पुन्हा पॉलिश करून दिली, आणि पुढच्या गाडीत दांड्यालाही फिक्या भिंतीवर उठून दिसेल असा गडद रंग द्यायचं ठरवलं.

ज्या संस्था अशी गाडी नव्यानं बांधून घेणार आहेत त्यांना एकच विनंती. बॉडी बांधणाऱ्याकडून आतलं अस्तर लागण्याआधी, सांगाडा उघडा असताना, दोन्ही भिंतींचे आणि छताचे फोटो काढून घ्या. प्रत्येक फोटोत खांबाशेजारी मोजपट्टी उघडून धरा, जमिनीपासून आणि मागच्या दारापासूनची मापं दिसू द्या, वायरी कुठून गेल्यात तेही येऊ द्या. ते फोटो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढं कधीही त्या भिंतीवर काही बसवायची वेळ आली की येणाऱ्या कारागिराला लोखंड कुठं आहे हे पाहिल्याबरोबर कळेल, आणि तो पत्र्यात स्क्रू मारून जाणार नाही.